बाळू पालवणकर : मजुरी आणि मान

मी मुरबाडच्या बाजूला एका महाविद्यालयात इतिहास शिकवतो. राहायला आहे शहापूर तालुक्यात, आमच्या जुन्या वस्तीतच. माझ्या वर्गात टोकावडे, धसई, सरळगाव, किन्हवली, डोळखांब अशा गावांतून मुले येतात. त्यांतली निम्मीअधिक मुले आपापल्या घरातली कॉलेजची पायरी चढलेली पहिलीच. मीही आमच्या घरातला पहिलाच पदवीधर. वडील वीटभट्टीवर होते. त्यामुळे या मुलांनी विचारलेला प्रश्न मला परका वाटत नाही. तो पुष्कळदा माझाच जुना प्रश्न असतो.

आमच्याकडे भाताची कापणी उरकली की मोकळ्या शेतांत खेळपट्ट्या तयार होतात आणि टेनिसच्या चेंडूवरचे क्रिकेट सुरू होते. गावागावांचे संघ, रोख बक्षिसे, मोठ्या सामन्याला मोटारसायकल. चांगल्या खेळाडूला दुसऱ्या गावचा संघ पैसे देऊन नेतो. माझ्या वर्गातला एक चर्मकार समाजातला मुलगा असाच एका गावाकडून तीन वर्षे खेळतो आहे. डावखुरा गोलंदाज. एकदा तो मला म्हणाला, “सर, मॅचच्या दिवशी सकाळी गाडी पाठवून मला नेतात. पाचशे रुपये देतात. सगळ्यात जास्त विकेट माझ्या. पण बॅनरवर माझा फोटो नसतो. जिंकल्यावर कॅप्टनच्या घरी जेवण असतं, तेव्हा मला म्हणतात, तुझी शेवटची एसटी जाईल, तू निघ. सकाळी गाडी असते सर, मग संध्याकाळीच का नसते?”

मी त्याला बाळू पालवणकरांची गोष्ट सांगितली. पण अर्धीच सांगितली. उरलेली अर्धी का सांगितली नाही, हा प्रश्न मला त्यानंतर कित्येक दिवस छळत राहिला. त्यातूनच हा लेख लिहितो आहे.

बाळूचा जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार. वडील लष्करी खात्यात चाकरीला, त्यामुळे घर पुण्यात आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. पहिली नोकरी मिळाली ती पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. काम काय, तर खेळपट्टी झाडणे, रोलर ओढणे, आणि सभासदांना सरावासाठी अधूनमधून चेंडू टाकणे. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. तेथे चार रुपये. कामे मात्र वाढली : जाळी उभारायची, खेळपट्टी आखायची, टेनिसची कोर्टेही आखायची. या कामांतच तो गोलंदाज झाला. ग्रेग नावाचा नामांकित गोरा फलंदाज त्याच्याकडून तासन्‌तास सराव करून घेई. बाद केल्यास दर वेळी आठ आणे मिळत, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, तिच्यातला हिशेब खरा आहे. महिन्याचा पगार चार रुपये असताना आठ बळी म्हणजे एक महिना.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घेतली पाहिजे. या क्लबात बाळूने हजारो चेंडू टाकले, पण त्याला एकदाही फलंदाजी करू दिली गेली नाही. फलंदाजी हा साहेबांचा आणि राजेरजवाड्यांचा मान होता. गोलंदाजी हे घामाचे काम होते. खुद्द इंग्लंडातही हीच वाटणी होती. तेथे पैशासाठी खेळणारा तो ‘प्लेअर’ आणि हौसेने खेळणारा तो ‘जंटलमन’. दोघांची मैदानात उतरायची दारेसुद्धा वेगळी. हा भेद तेथे कागदोपत्री संपायला १९६२ साल उजाडले. आपल्याकडे या वर्गभेदावर जातीचा थर चढला. ज्याने खेळपट्टी झाडली, रोलर ओढला, त्यानेच चेंडू टाकायचा, हे सर्वांनाच स्वाभाविक वाटले.

पुण्याच्या हिंदूंनी गोऱ्यांच्या संघाला आव्हान दिले तेव्हा बाळूला घ्यायचे की नाही, असा वाद उभा राहिला. क्लबातील तेलुगू सभासद अनुकूल होते. काही ब्राह्मणांचा विरोध होता. शेवटी जिंकण्याची इच्छा विटाळाच्या भीतीपेक्षा मोठी ठरली. बाळू संघात आला. मैदानावर त्याच्या हातचा चेंडू सर्वांनी झेलला, तोच चेंडू सर्वांनी परत फेकला. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा पीत, आणि बाळूला मंडपाबाहेर मातीच्या टाकाऊ भांड्यात चहा मिळे. त्याला हात-तोंड धुवायचे असले तर एक अस्पृश्य नोकरच पाणी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात जाई. जेवणाचे ताट वेगळे, मेजही वेगळे.

चेंडूला विटाळ नाही आणि कपाला विटाळ आहे, हे शास्त्र कोणत्या ग्रंथात आहे? कोणत्याच नाही. ते गरजेचे शास्त्र आहे. जातिव्यवस्थेला आपले श्रम हवेच असतात. ती दलिताला कामावर बोलावते, वेळप्रसंगी त्याचे कौतुकही करते. ती नाकारते ती सोबत, पंगत आणि बरोबरी. आमच्या शहापूरच्या तानसा धरणाचे पाणी १८९२ साली मुंबईला पोहोचले. पुढे भातसाही आले. शहर या पाण्यावर वाढले, आणि आमच्या तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पाणी चालते, पण पाणी देणाऱ्या मुलखाची तहान कोणाच्या हिशेबात नसते. बाळूच्या संघाचा हिशेब याच जातीचा होता.

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याविरुद्ध सामना झाला. बाळूने सात गडी बाद केले, हिंदू जिंकले. त्यानंतर पुण्यात त्याचा सत्कार झाला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाल्ले-प्यायले पाहिजे, अशा आशयाचे बोल न्यायमूर्ती रानडे यांनी पुणेकरांना सुनावले, असे सांगितले जाते. प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला आला, बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरीला लागला आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागला. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. त्या संघात बाळूही होता, शिवरामही होता. मुंबईच्या जिमखान्याने या भावांना आपल्या पंगतीत घेतले आणि सुधारकी वृत्तपत्रांनी या गोष्टीचे मोठे कौतुक केले.

कौतुक योग्यच होते. पण त्यातली अट कोणी मोठ्याने वाचून दाखवली नाही. पंगत मिळाली ती विजयानंतर मिळाली. सात गडी बाद केले म्हणून कप मिळाला. मग ज्याला गोलंदाजी येत नाही त्या चांभाराने, त्या महाराने, त्या मांगाने काय करायचे?

हे फक्त आपल्याच देशात झाले काय? १९७२ साली आपल्या तरुणांनी संघटना उभी केली तेव्हा तिचे नाव अमेरिकेतल्या काळ्या पँथरांवरून घेतले. तेव्हापासून त्या बाजूला पाहण्याची आपल्याला सवय आहे. म्हणून एक दूरचे उदाहरण देतो. कॅनडात बर्फावर हॉकी खेळतात. पायात पात्यांचे बूट, हातात काठी, आणि चेंडूच्या जागी रबरी चकती. बाळू पुण्यात रोलर ओढत होता त्याच सुमारास, १८९५ साली, कॅनडाच्या हॅलिफॅक्स शहरात काळ्या बाप्टिस्ट चर्चच्या मंडळींनी आपल्या तरुणांसाठी या खेळाचे स्वतंत्र सामने सुरू केले. गोऱ्यांच्या संघांत त्यांना जागा नव्हती. पुढे हर्ब कार्नेगी हा टोरांटोचा काळा खेळाडू अव्वल दर्जाचा निघाला, पण नॅशनल हॉकी लीग या सर्वांत मोठ्या व्यावसायिक स्पर्धेत त्याला कधीच खेळता आले नाही. १९४८ मध्ये न्यूयॉर्कच्या संघाने त्याला चाचणीला बोलावले आणि खालच्या संघात, तेव्हा मिळत होते त्यापेक्षा कमी पैशांत खेळ म्हणून सांगितले. त्याने नकार दिला. त्या लीगमध्ये पहिला काळा खेळाडू उतरला तो १८ जानेवारी १९५८ रोजी : विली ओ’री, बॉस्टनच्या संघाकडून. चकती लागून त्याचा उजवा डोळा जवळजवळ निकामी झाला होता. कळले तर खेळू देणार नाहीत म्हणून त्याने ते लपवून ठेवले. त्या लीगमध्ये त्याच्या वाट्याला ४५ सामने आले. लीगच्या इतिहासात त्याचा यथोचित सन्मान झाला तो २०१८ मध्ये, तो ८३ वर्षांचा असताना. कार्नेगीचा झाला २०२२ मध्ये, मृत्यूनंतर दहा वर्षांनी.

वरवर पाहता आपला देश पुढे होता असे वाटेल. ओ’रीच्या साठ वर्षे आधी बाळू सवर्णांच्या संघात खेळत होता! पण फरक वेगळा आहे. तेथे वर्णद्वेषाने दार लावून घेतले होते. त्यामुळे दार कोठे आहे हे सर्वांना दिसत होते आणि ते कधी उघडले याची तारीखही सांगता येते. जातीने मैदानाचे दार उघडले आणि आत गेल्यावर मंडपाच्या पायरीशी रेघ ओढली. ती रेघ कोणत्या तारखेला पुसली, हे कोण सांगणार? माझा विद्यार्थी तर ती आजही ओलांडू शकत नाही. फक्त तिला आता ‘शेवटची एसटी’ असे नाव आहे.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताची झाली; २३ सामन्यांत विजय अवघे सहा. पण बाळूने त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाच्या संघाचे आठ गडी त्याने एका डावात बाद केले. शिवरामने सॉमरसेटविरुद्ध नाबाद शतक काढले. दौऱ्याहून परतल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने बाळूला मानपत्र दिले. त्या मानपत्राच्या लेखनात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या वीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचा हात होता, असे सांगतात. बाळू त्या वेळी साऱ्या अस्पृश्यांचा अभिमान होता. जात-पोटजात विचारण्याची कोणाला गरज वाटली नव्हती.

एवढ्या कर्तृत्वानंतर हिंदू संघाचे कर्णधारपद कोणाकडे जायला हवे होते? १९१३ मध्ये ते एम. डी. पै यांच्याकडे गेले. पै सरळ मनाचे गृहस्थ. हा मान वडीलकीने आणि अनुभवाने बाळूचा होता, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले. पण निवड समितीने ऐकले नाही. १९२० साली पै आजारी पडले तेव्हा एका सामन्यासाठी कर्णधार हवा होता. बाळूला संघातूनच वगळण्यात आले आणि त्याचा भाऊ विठ्ठल ज्येष्ठ खेळाडू असूनही कर्णधारपद पुण्याच्या देवधरांना दिले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून अंग काढून घेतले आणि जातीमुळे आपला अपमान होत आहे असे वृत्तपत्रातून जाहीर निवेदन केले.

या १९२० सालाकडे आपण बारकाईने पाहिले पाहिजे. जानेवारीत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ काढला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. आणि त्याच वर्षी खेळाच्या मैदानात दोन अस्पृश्य भावांनी आपले श्रम काढून घेतले. तो एक संपच होता. आमच्या कामाची किंमत देता, मान देत नाही. तर मग कामही मिळणार नाही. लोकमताचा दाब आला. अंतिम सामन्यात भाऊ परत आले आणि बाळूला उपकर्णधार करण्यात आले. सामना चालू असताना पै मैदानाबाहेर गेले आणि काही काळ का होईना, चव्वेचाळीस वर्षांच्या बाळूने हिंदू संघाचे नेतृत्व केले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाला, युरोपियनांविरुद्ध जिंकला आणि मुंबईच्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतले. जे थोरल्या भावाला बळी घेऊन मिळाले नाही, ते धाकट्याला नकारानंतर मिळाले.

येथपर्यंतची गोष्ट मी माझ्या विद्यार्थ्याला सांगितली होती. पुढची सांगितली नाही.

पुढची गोष्ट अशी. १९३२ च्या पुणे करारावर सही करणाऱ्यांत बाळूही होता आणि त्या वादात त्याचा कल स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध होता. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला हिंदू धर्म सोडण्याची घोषणा केली. बाळूने तिला विरोध केला. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईच्या भायखळा-परळ भागात काँग्रेसने बाबासाहेबांविरुद्ध बाळूला उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूला ११,२२५. जन्माची सुरुवात रोलर ओढण्याने केलेला माणूस स्वतंत्र मजूर पक्षाच्या संस्थापकाविरुद्ध उभा राहिला, याहून बोचरी गोष्ट कोणती?

आमच्या वस्तीत एक जुने कार्यकर्ते आहेत. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. मी बाळूवर लिहितो आहे असे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मास्तर, तो बाबासाहेबांच्या समोर उभा राह्यला. त्याचं नाव आपल्या वस्तीत कशाला?” मी म्हणालो, “तात्या, १९११ साली त्याच्या मानपत्राला बाबासाहेबच पुढं होते म्हणतात.” तात्या काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मग बाबासाहेबांनाच जास्त लागलं असणार ना रे.”

तात्यांचे बोलणे मला खोडता आले नाही, आणि खोडायचेही नाही. बाळू चुकला असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो का चुकला हे समजून घेणे म्हणजे त्याला माफी देणे नव्हे. बाळूचे सारे आयुष्य एका अनुभवाने घडले होते : आपण उत्तम काम करावे, धीर धरावा, सवर्णांतली चांगली माणसे हळूहळू दार उघडतात. मातीच्या भांड्यापासून चिनी मातीच्या कपापर्यंत तो स्वतः पोहोचला होता. रानडे बोलले होते, पै बोलले होते. म्हणून हृदयपरिवर्तनावर त्याचा विश्वास बसला. बाबासाहेबांनी याच समाजाकडे पाहून उलट निष्कर्ष काढला. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जी माणसे पाणी प्यायली, त्यांपैकी कोणी किती गडी बाद केले हे कोणी विचारले नाही. ती गुणी होती म्हणून नव्हे, माणसे होती म्हणून प्यायली. बाळूला कप बक्षीस म्हणून मिळाला. महाडला पाणी हक्क म्हणून घेतले. बक्षीस देणारा ते परत घेऊ शकतो. हक्क परत घेता येत नाही. आपल्या चळवळीचा सारा पाया या फरकावर उभा आहे.

दुसरीही एक कडू गोष्ट बोलली पाहिजे. बाळूला उभे करणाऱ्यांना चांभार आणि महार यांच्यातली फट माहीत होती. ती फट त्यांनी निर्माण केली नाही. ती आपल्यात होतीच. आजही आहे. माझ्याच वस्तीत बौद्धांची आणि चर्मकारांची घरे शेजारी आहेत आणि जयंत्या वेगळ्या आहेत. बाळूला आपण विसरलो यात त्याच्या राजकारणाचा जसा भाग आहे, तसाच या फटीचाही आहे. नाहीतर विठ्ठल पालवणकरांनी १९४८ साली मराठीत आपले क्रीडाजीवन लिहून प्रसिद्ध केले, त्याची आठवण दलित आत्मकथनांच्या चर्चेत निघाली असती. आपण ती चर्चा १९७८ च्या ‘बलुतं’पासून सुरू करतो आणि त्याआधी तीस वर्षे एका अस्पृश्य कर्णधाराने लिहिलेले पुस्तक आपल्या कपाटात नसते. बाळू १९५५ च्या जुलैत वारला. २००२ मध्ये रामचंद्र गुहांच्या इंग्रजी ग्रंथामुळे त्याचे नाव पुन्हा सर्वदूर गेले. ते काम आपल्यापैकी कोणी मराठीत आधी का केले नाही?

आणि आपण मोकळी सोडलेली जागा इतर भरून काढतात. बाळूचे नाव आज अशा लोकांच्याही तोंडी येते, जे म्हणतात : पाहा, गुणाला जात आडवी येत नाही, आरक्षण कशाला हवे? त्यांना सांगितले पाहिजे की पहिल्या दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, आणि तेही पंधरा धावांना एक या सरासरीने घेणाऱ्या माणसाला कर्णधारपद मिळाले ते एका मित्राने मैदान सोडले तेवढ्यापुरते. गुणाला जात आडवी येते, याचा बाळूएवढा आकडेवार पुरावा दुसरा नाही.

उरलेली गोष्ट मी त्या मुलाला पुढच्या आठवड्यात सांगितली. १९३७ सकट, मतांच्या आकड्यांसकट. त्याने शांतपणे ऐकले. मग विचारले, “सर, १९२० ला त्यांनी खेळायचं नाही म्हटलं, तेव्हा दोघं होते ना?” मी हो म्हणालो. “मी एकटाच आहे,” तो म्हणाला. पुढच्या रविवारी तो खेळायला गेला की नाही, हे मी मुद्दाम विचारले नाही. पाचशे रुपयांची त्याच्या घराला गरज आहे, हे मला ठाऊक आहे.

पण त्याचे ते वाक्य मी तात्यांना जाऊन सांगितले. येत्या जयंतीला दोन्ही वस्त्यांतल्या मुलांचा मिळून एक संघ करावा, असे त्यावर तात्याच म्हणाले. संघाला नाव काय द्यायचे यावर अजून एकमत नाही. बाळूच्या नावाला ते राजी नाहीत. वाद चालू आहे, आणि तो दोन्ही वस्त्या एकत्र बसून घालत आहेत.